खिशात मावणारा आपत्कालीन संच

सह्याद्रीत वाट चुकली किंवा पाय मुरगळला, तर मदत येईपर्यंत रात्र डोंगरावर काढावी लागू शकते. सॅक हाताशी असेलच असे नाही. म्हणून हा संच अंगावरच, पँटच्या खिशात असावा. घट्ट झाकणाचा छोटा पत्र्याचा डबा पुरतो. झाकणाच्या कडेवरून रुंद चिकटपट्टीचे दोन वेढे दिले की पाणी आत शिरत नाही. तीच पट्टी पुढे उसवलेला बूट बांधायला उपयोगी पडते.

इशारा : प्लॅस्टिकची शिट्टी. मिनिटभरात सहा वेळा वाजवावी, एक मिनिट थांबावे, पुन्हा वाजवावी. हा मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उन्हात छोटा आरसा, अंधारात बारीक टॉर्च.

ऊब : लायटर आणि मेणबत्तीचा तुकडा. वाळलेल्या गवताजवळ आग पेटवू नये.

पाणी : क्लोरीनच्या गोळ्या. गढूळ पाणी आधी रुमालातून गाळावे. पाकिटावरील प्रमाणात गोळी टाकून किमान अर्धा तास थांबावे.

जखम : बँडेज पट्ट्या, जंतुनाशक मलम, स्वतःची नेहमीची औषधे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, वर आवळपट्टी बांधू नये. तो अवयव न हलवता लवकरात लवकर रुग्णालय गाठावे.

किरकोळ : सेफ्टी पिना, ब्लेड, नायलॉनची दोरी.

चिठ्ठी : नाव, रक्तगट, अ‍ॅलर्जी, घरचा फोन नंबर आणि 112 हा आपत्कालीन क्रमांक.

दर पावसाळ्याआधी औषधांची मुदत तपासावी आणि टॉर्चचे सेल बदलावेत.