प्राणिसंग्रहालयांतील बंदिस्त वर्षावने : गुण व उणिवा

सहलीच्या निमित्ताने जिल्ह्यातील अनेक शाळांची मुले स्वारगेटला उतरतात आणि तेथून कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाकडे जातात. पूर्वीचे प्राणिसंग्रहालय स्वारगेटपासून जवळच, पेशवे उद्यानात होते. १९५३ साली सुरू झालेल्या त्या उद्यानातील प्राणी पुढे कात्रजला हलविण्यात आले. अरुंद पिंजऱ्याच्या जागी खंदकाने वेढलेले मोकळे आवार आले, ही सुधारणा होय. परदेशांत याच्याही पुढे जाऊन एका प्रचंड छपराखाली सबंध वर्षावनच उभारण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांचे गुणावगुण शिक्षकांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अमेरिकेत ओमाहा येथे १९९२ साली, स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे २००३ साली आणि जर्मनीत लाइपझिग येथे २०११ साली अशी दालने उघडली. झुरिचचे दालन सुमारे ११,००० चौरस मीटरांचे असून ते मादागास्करमधील मासोआला अरण्याच्या नमुन्यावर रचले आहे.

या दालनांचा पहिला गुण असा की, तेथे वन केवळ डोळ्यांनी पाहावयाचे नसते. दमट उष्मा अंगाला जाणवतो. दुसरा गुण असा की, प्राणी आयता समोर उभा नसतो. तो पानांआड शोधावा लागतो आणि त्यामुळे निरीक्षणाची सवय लागते. शिवाय झुरिचच्या दालनातून मासोआला येथील मूळ अरण्याच्या रक्षणास द्रव्यसाहाय्य मिळते.

आता उणिवा पाहू. ओमाहाच्या दालनातील भव्य वृक्ष सिमेंट-काँक्रीटचे आहेत. खरा वृक्ष पडतो, कुजतो. त्यावर अळंबी उगवतात, कीटक पोसले जातात आणि मातीस कस येतो. काँक्रीटचा वृक्ष मरत नाही, म्हणून काही जगवीतही नाही. हिंस्र प्राणी व त्यांचे भक्ष्य एकत्र सोडता येत नसल्याने जीवनकलहाचे चित्र अपुरे राहते. थंड देशांत हिवाळाभर ऊब राखण्यास इंधन खर्ची पडते, ते वेगळेच.

सर्वांत मोठी उणीव ऋतूंची. तेथील पाऊस नळातून, ठरल्या वेळी पडतो. आपल्या महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले महिने तेथील अंजनी व जांभळीची झाडे मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर हिरवी राहतात. भीमाशंकरचा शेकरू झाडाच्या शेंड्यांवर घरटी बांधतो आणि या फांदीवरून त्या फांदीवर जातो. मधली झाडे तुटली की त्याची वाटच तुटते. ही गोष्ट छपराखाली शिकविता येत नाही.

अशा दालनांवरून मुलांचा एक घातक समज होण्याचा संभव आहे. तो म्हणजे, अरण्य नष्ट झाले तरी पैसा व यंत्रे यांच्या बळावर ते पुन्हा उभारता येते. दालन हे अरण्याचे चित्र आहे, अरण्याचा पर्याय नव्हे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

सहलीनंतर मुलांना तीन प्रश्न विचारावेत : हा प्राणी येथे अन्न कोणाकडून घेतो? रानात ते कोठून मिळविता? येथे कोणता ऋतू दिसला नाही? आणि शक्य तेथे पुढची सहल सह्याद्रीच्या रानात न्यावी. ते रान आपल्या जिल्ह्यातच आहे.