काविळीतून उठताना आहार आणि वजनाची काळजी

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण याच जिल्ह्यात घरात कोणाला कावीळ झाली, की सर्वांत आधी चुलीजवळचा हळदीचा डबा बंद होतो. त्यापाठोपाठ तुरीचे वरण, अंडे, केळी, पपई असे जे जे पिवळे ते ते ताटातून जाते. मग तेल, तूप आणि दूध बंद होते. उरतो उसाचा रस, चुरमुरे आणि मीठ-भात. महिन्याभराने डोळ्यांचा पिवळेपणा जातो खरा, पण माणूस उठतो तो हडकून. पूर्वीचे कपडे अंगावर लोंबतात, पाण्याची घागर उचलताना दम लागतो आणि शेतात तर खुरपणी, फवारणी वाट पाहत असते. ही अशक्तता आजाराने जितकी येते, तितकीच चुकीच्या पथ्याने येते.

डोळे पिवळे का होतात?

रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर त्यांतून पिवळे द्रव्य तयार होते. त्याला बिलिरुबिन म्हणतात. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. विषाणूमुळे यकृताला सूज आली, की हे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसते. खाण्यातील पिवळ्या रंगाचा याच्याशी काहीही संबंध नाही. भाजीतील चिमूटभर हळद आणि वरण खुशाल खावे. मात्र हळद औषधी म्हणून कुरकुमीनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत. अशा गोळ्यांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. गुळवेलीचेही तसेच. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आजारी यकृतावर काढ्यांचे प्रयोग नकोत.

गळ्यात काविळीची माळ घालण्याची रीत अजून आहे. माळ लांबते ती ओल्या काड्या वाळून गाठी सैल पडतात म्हणून. दूषित पाण्यातून येणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु प्रत्येक कावीळ या प्रकारची नसते. रक्तातून पसरणारी 'बी' आणि 'सी' कावीळ शरीरात वर्षानुवर्षे राहू शकते. पित्ताशयातील खडे आणि उंदरांच्या मूत्रातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांनीही डोळे पिवळे होतात. म्हणून आधी रक्ततपासणी करून प्रकार निश्चित करावा. पुढील सल्ला विषाणूजन्य कावीळ झालेल्या, डॉक्टरांनी घरी राहण्यास सांगितलेल्या रुग्णांसाठी आहे.

सकाळची भूक वाया घालवू नका

या आजारात मळमळ सहसा दिवस चढेल तशी वाढते. सकाळी रुग्णाला थोडी तरी भूक असते, संध्याकाळी अन्नाचा वासही नकोसा होतो. आपल्याकडे नेमके उलटे चालते. सकाळी चहावर भागवतात आणि रात्री घरची सगळी मंडळी जमली, की 'दोन घास खा' म्हणून आग्रह सुरू होतो. काविळीच्या रुग्णाचे मुख्य जेवण सकाळी आठ-नऊच्या सुमारास द्यावे. त्या वेळी निम्मे अन्न पोटात गेले, तर दिवसाची काळजी मिटली.

यकृताच्या आजारात साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 30 ते 35 उष्मांक आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 50 किलो वजनाच्या माणसाला सुमारे 1,500 ते 1,750 उष्मांक आणि 60 ते 75 ग्रॅम प्रथिने. ही भरपाई उसाच्या रसाने होत नाही. पेलाभर रसात 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते, प्रथिने जवळजवळ नसतातच. काहीच पोटात ठरत नसेल तेव्हा पहिले एक-दोन दिवस घरचा स्वच्छ रस चालेल. पण रसवंतीवरचा बर्फ आणि न धुतलेला ऊस यांतून पुन्हा तोच विषाणू पोटात जाऊ शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी रस आणि ग्लुकोजची भुकटी यांपासून दूरच राहावे.

एका दिवसाचा आहार असा ठेवता येईल. उठल्यावर पेलाभर दूध. नऊला ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी आणि खात असाल तर दोन उकडलेली अंडी. मधल्या वेळी केळ किंवा पपई. दुपारी मऊ भात आणि दही. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. संध्याकाळी लवकर मुगाची पातळ खिचडी आणि झोपताना पुन्हा पेलाभर दूध. यातून सुमारे 70 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासाठी बाजारातून महागडा डबा आणावा लागत नाही. झोपतानाचे दूध टाळू नये. रात्रभर पोट रिकामे राहिले, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून इंधन करते. अंडी नको असतील तर डाळ वाढवावी. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन घरोघरी असते, तेही चालेल, पण पूर्ण शिजवलेले. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात.

तेला-तुपाबद्दल एवढेच, की तळलेल्या पदार्थाने मळमळ वाढते म्हणून ते टाळावेत. फोडणीचे तेल आणि भातावरचे चमचाभर तूप सोसत असेल तर बंद करण्याचे कारण नाही.

भरपूर आहाराचा हा सल्ला नवा नाही. कोरियाच्या युद्धात कावीळ झालेल्या अमेरिकन सैनिकांवर जपानमधील क्योटो येथील लष्करी रुग्णालयात याचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि तो 1955 साली प्रसिद्ध झाला. भरपूर प्रथिनांचा आहार आग्रहाने खाऊ घातलेले सैनिक लवकर बरे झाले. सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवण्याचा वेगळा फायदा मात्र दिसला नाही. ते सैनिक तरुण आणि धडधाकट होते, हे लक्षात ठेवावे. तरीही घरातल्या घरात फिरण्यास कोणी अडवू नये.

एक गोष्ट शेतकऱ्याने विशेष जपावी. बुरशी लागलेला मका व शेंगदाणा विकला जात नाही म्हणून घरात वापरला जातो. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष थेट यकृतावर आघात करते. 1974 साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. भाजल्याने हे विष पुरते जात नाही. असा माल जनावरांनाही घालू नये. दारू तर पूर्ण बंद, किती महिने ते डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

वजन कसे पाहावे?

आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. उपकेंद्रातला काटा उत्तम, नाही तर धान्याचा काटाही चालतो. आजारात चार-पाच किलो उतरले तर घाबरू नये. भूक परतल्यावर आठवड्याला अर्धा किलो वाढ पुरे. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा पोट फुगले, तर ते मांस नव्हे, पाणी आहे. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठावे. रुग्ण दिवसा गुंगीत आणि रात्री जागा राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर घरचा एकही उपाय न करता हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. गरोदर बाईला कावीळ झाली तर या लक्षणांची वाटही पाहू नये. 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत तिच्या जिवावर बेतते.

भूक परतली, की दुसरी चूक सुरू होते. महिनाभर उपाशी ठेवलेल्या माणसाला डिंकाचे लाडू, शिरा, तूप यांचा मारा होतो आणि 'अजून अशक्त आहेस' म्हणून बाजेवरून उतरू देत नाहीत. वजन वाढते, पण ते पोटावर आणि यकृतात चरबी म्हणून. गेलेला स्नायू परत यायचा तर प्रथिनांबरोबर हालचाल हवी. पहिल्या आठवड्यात बांधापर्यंत फेरी मारावी, पुढे हलकी निंदणी. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी पुन्हा रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारावे. काहींना काही आठवड्यांनी हा आजार उलटतो. लघवी पुन्हा गडद झाली, तर काम थांबवून दाखवून यावे.

वहीतला आकडा आजारापूर्वीच्या वजनाला लागला, की भाकरी, वरण, दूध तसेच चालू ठेवावे आणि लाडवांचा डबा मुलांच्या हाती द्यावा.