विश्लेषण : मेंदूतील प्रतिकारपेशींचा स्वमग्नतेशी संबंध काय?

ऑटिझम अर्थात स्वमग्नतेची कारणे शोधताना संशोधकांचे लक्ष चेतापेशींबरोबरच मेंदूतील प्रतिकारपेशींकडेही वळले आहे. ‘मेंदूतला दाह कमी करतो’ असे सांगून पालकांच्या गळ्यात महागडे उपचारही मारले जातात. म्हणूनच विज्ञान आज नेमके कुठवर पोहोचले आहे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

या पेशी कोणत्या?

त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना वेगळी ओळख दिली. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच त्या मेंदूत येऊन स्थिरावतात. जंतू आणि मृत पेशींचा फडशा पाडणे हे त्यांचे मुख्य काम.

स्वमग्नतेशी संबंध कसा?

बालपणी चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार होतात. पुढे त्यांची छाटणी होते आणि या कामात मायक्रोग्लियांचा हातभार असतो. २०११ मधील एका प्रयोगात उंदरांच्या मायक्रोग्लियांना मिळणारे संदेश रोखले, तेव्हा त्यांच्या मेंदूत जादा जोडण्या शिल्लक राहिल्या. अशा उंदरांचे इतर उंदरांशी मिसळणेही कमी होते, असे २०१४ मध्ये दिसून आले.

माणसांत काय आढळले?

स्वमग्न व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत मायक्रोग्लिया अतिसक्रिय असल्याचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये नोंदवले. कोलंबिया विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, किशोरवयापर्यंत इतर मुलांत जोडण्या सुमारे निम्म्याने घटल्या, तर स्वमग्न मुलांत जेमतेम १६ टक्क्यांनी.

मग हेच कारण मानायचे का?

नाही. मृत्यूनंतरच्या तपासणीतून पेशींची सक्रियता हे कारण आहे की परिणाम, हे ठरत नाही. तपासलेले मेंदूही मोजकेच होते. शिवाय कोलंबियाच्या अभ्यासात बिघाड दिसला तो चेतापेशींच्या स्वतःच्या सफाई यंत्रणेत. स्वमग्नतेत जनुकांचा वाटाही मोठा आहे.

उपचार आहे का?

मायक्रोग्लियांना शांत करणारे मिनोसायक्लिन हे औषध काही मुलांना देऊन पाहिले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या चाचणीत मुलांमध्ये सुधारणा दिसली नाही. स्वमग्नतेसाठी मूळपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये स्पष्ट केले. आज मुलांना खरा आधार मिळतो तो लवकर निदान, वाचा उपचार, व्यवसायोपचार आणि समजून घेणाऱ्या शाळेचा.