कोड्याच्या वरची ओळ

सांगलीच्या एका वाचकबाईंचं पत्र आलंय. मुलगा चौथीत, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. तिथे गुकेशच्या जगज्जेतेपदाच्या डावातलं कोडं घातलं होतं आणि पठ्ठ्याने ते अर्ध्या मिनिटात सोडवलं. बाई विचारतात, ‘मग गुकेशने त्यात मोठं काय केलं?’

कोडं कुठलं असणार याचा अंदाज आहे. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, चौदावा डाव. दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण तेवढ्यावर डाव निघेल असं दिसत नव्हतं. ५५व्या चालीला समोरच्या डिंग लिरेनने हत्ती एफ२वर आणून मारामारीला दिला. हत्तीला हत्ती गेला आणि गुकेशने आपला उंट डी५वर नेऊन ठेवला. डिंगचा उंट होता ए८ला, पार कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला तिरकी वाट एकच, आणि त्या वाटेवरच हा येऊन बसला, पाठीशी राजा घेऊन! उंटही गेले. उरले दोन राजे आणि दोन प्याद्यांविरुद्ध एक. ५८व्या चालीला डिंगने डाव सोडला.

अशी कोडी आता माणूस शोधत बसत नाही. संगणक खेळले गेलेले डाव चाळत जातो. एखाद्या चुकीनंतर पारडं एकदम झुकलं आणि जिंकायला एकच चाल आहे, दुसरी कुठलीही खेळली तर विजय हातचा जातो, असं दिसलं की कोडं तयार. लिचेस या फुकटच्या संकेतस्थळावर अशी लाखो कोडी आहेत आणि खेळाडूंसारखंच प्रत्येक कोड्यालाही गुणांकन आहे. तुम्ही चुकलात की कोड्याचे गुण वाढतात. (ही कल्पना मला भारी आवडते. कोडंही तुमच्याशी डावच खेळत असतं.)

पण कोड्याच्या वर एक ओळ असते: ‘काळ्याची चाल, काळा जिंकतो.’ सगळी गोम तिथे आहे. डावात ही ओळ कोण देणार? चार तास दमून बसलेल्या माणसाच्या कानात ‘अरे, आत्ता!’ असं कोणी सांगत नाही. गुकेशने नंतर स्वतःच कबूल केलं की डिंगचा हत्ती एफ२वर आला तेव्हा त्याच्याही लगेच लक्षात आलं नव्हतं. तो आपल्या हत्तीची साधी चाल खेळणारच होता. मग तो उंट दिसला.

कोणी न सांगता चाल शोधण्याच्या याच क्षणाचा नीट अभ्यास आद्रियान द ख्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने केला होता. स्वतः ऑलिम्पियाड खेळलेला माणूस. अलेखिन, केरेस, यूवे यांच्यासारख्या दिग्गज खेळाडूंपुढे त्याने पट मांडला आणि मोठ्याने बोलत विचार करायला लावलं. त्यातली सर्वांत गाजलेली स्थिती १९३६ मधल्या त्याच्या स्वतःच्याच डावातली होती. तिचं उत्तरही उंटाने डी५वर मारणं हेच, हा निव्वळ योगायोग! १९४६च्या त्याच्या प्रबंधातून निघालं ते असं, की दिग्गज काही इतरांहून फार खोल मोजत नाहीत. आधी ते पटाकडे नुसतं बघतात, इथे चाललंय काय ते ताडतात, चाली मोजणं नंतर. पुढे १९७३मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी पट लक्षात ठेवण्याचे प्रयोग केले, ते पाठ्यपुस्तकांत गेले आणि द ख्रोट तळटीपेत राहिला. माझ्या मते त्याच्याकडचा माल जास्त अस्सल आहे, कारण त्यात माणसं चाचपडताना ऐकू येतात.

हे चाचपडणंच कोडं कापून टाकतं. म्हणून ‘रोज पन्नास कोडी, वर्षात चॅम्पियन’ छापाच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. कोड्यांनी नजर बसते, हे खरं. पण बाई, घरी एक करून बघा. त्याच डावातली चार-पाच चाली आधीची स्थिती मांडा, वरची ओळ सांगू नका आणि मुलाला विचारा, ‘इथे काही आहे का?’ कधी काही नसलेली स्थितीही मांडा. अर्ध्या मिनिटाचं काय होतं ते कळवा.

आणि डिंग? त्याला ती ओळ मिळाली, पण उशिरा. आपण काय करून बसलोय ते त्याला पटावर दिसलं नाही. समोरच्या पोराचा खुललेला चेहरा पाहून कळलं, असं त्यानेच नंतर सांगितलं.