आजाराआधी माणूस

डॉक्टरकीचे शिक्षण कोठे सुरू होते, असे विचारल्यास बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शवविच्छेदनाचे दालन आणि जाडजूड ग्रंथ उभे राहतील. ते चुकीचे नाही. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे पहिल्या वर्षाचे प्रमुख विषय आहेत. मात्र शरीर समजले म्हणजे माणूस समजला असे होत नाही. रुग्ण कोणते पाणी पितो, घरात चुलीचा धूर किती कोंडतो, औषधाच्या खर्चाचा निर्णय कोण घेतो, या गोष्टी रुग्णालयातील खाटेजवळ उभे राहून कळत नाहीत. म्हणूनच पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना लोकांच्या घरी आणि दवाखान्यांत पाठवण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमधील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात जातात.

आपल्याकडे या विचाराचे ठळक उदाहरण वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे आढळते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या संस्थेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर एखाद्या खेड्यात भरते. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि शिबिर संपल्यावरही त्यांच्या घरी जाणे-येणे चालू राहते. पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये देशभरातील महाविद्यालयांसाठी ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रम आणला. त्यानुसार विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबांशी संबंध जोडून त्यांच्या आरोग्याचा मागोवा घ्यावयाचा असतो.

असा विद्यार्थी नेमके काय शिकतो? रायपूरहून धमतरीकडे जाताना लागणाऱ्या अभनपूरचा परिसर डोळ्यांसमोर आणा. हा धानाच्या शेतीचा प्रदेश. समजा, येथील एका घरी विद्यार्थी गेला. घरातील सुनेला रक्तक्षय आहे. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आहेत, पण त्या कोनाड्यात तशाच पडून आहेत. ‘रुग्ण औषध घेत नाही’ एवढी नोंद करून तो परत फिरला, तर काहीच शिकला नाही. थोडा वेळ बसून त्याने ऐकले, तर गोळीने मळमळते, शौचास काळे होते म्हणून ती घाबरली, हे त्याला कळेल. कधी घेतलीच तर ती चहाबरोबर घेते, हेही कळेल. चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. त्या वाक्याचा अर्थ त्याला या घरात उमगतो.

हे ऐकण्यासाठी त्या घरची भाषा यावी लागते. छत्तीसगडी न समजणाऱ्या विद्यार्थ्याला येथे मितानिनची मोठी मदत होते. ‘मितानिन’ म्हणजे मैत्रीण. छत्तीसगडमध्ये २००२ साली सुरू झालेल्या योजनेतील या गावपातळीवरील आरोग्यसेविका आहेत. कोणाच्या घरी केव्हा जावे आणि कोणता प्रश्न चारचौघांत विचारू नये, हे त्यांना ठाऊक असते.

यजमान कुटुंबाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. शेतीची कामे बाजूला ठेवून ते आपला वेळ देते. आपली गरिबी, आजार आणि घरातील तंटे एका परक्या तरुणासमोर उघडे करते. म्हणून प्रवेश करण्यापूर्वी परवानगी घेणे, नकार मिळाल्यास तो मान्य करणे आणि ऐकलेले गुप्त ठेवणे ही विद्यार्थ्याची कर्तव्ये ठरतात. आपण अजून डॉक्टर नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. औषध सुचवण्याचा त्याला अधिकार नाही. काही गंभीर आढळल्यास बरोबरच्या डॉक्टरांना कळवणे आणि त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे, एवढे मात्र तो निश्चित करू शकतो. केवळ तक्ते भरून घेऊन जो पुन्हा फिरकत नाही, त्याच्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यासाठीही ते दार बंद होते.

या कार्यक्रमाच्या नावात ‘दत्तक’ हा शब्द आहे. विद्यार्थी कुटुंबाला दत्तक घेतो, असे आपण म्हणतो. वास्तविक पहिल्या वर्षी त्याच्याजवळ देण्यासारखे थोडे आणि घेण्यासारखे पुष्कळ असते. ते कुटुंबच त्याला आपल्या घरात जागा देऊन शिकवते. हे ऋण ओळखणारा विद्यार्थी पुढे डॉक्टर झाल्यावर रुग्णाला गोळी देण्याआधी ती तो कशी घेणार आहे, हे विचारल्यावाचून राहणार नाही.