विहीर दाखवली, पोहरा कुठे आहे?

दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते. ते रिकामे करता करता एक प्रश्न हमखास निघतो, "चकली इतकी खुसखुशीत कशी हो झाली?" लगेच भाजणीचे प्रमाण सांगितले जाते. सांगणारीचे त्यात काही कमी होत नाही. ऐकणारीही ते प्रमाण जसेच्या तसे वापरते असे नाही. कोल्हापुरी घरात तिखटाचा हात थोडा सैल सुटतो. जिथे आजोबांच्या दातांची तक्रार आहे, तिथे मोहन जास्त पडते. पुढच्या वर्षी ही सुधारलेली कृती तिसऱ्या घरी पोचते. "मूळची शेजारच्या काकूंची हं," एवढे म्हटले की ऋणही फिटते.

पाककृतीच्या बाबतीत आपण असे उदार आहोत. मग आपल्या मुलामुलींच्या कॉलेजच्या अभ्यासाच्या बाबतीतच आपला हात आखडता का असावा?

एकच धडा, शंभरदा दळण

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. स्वायत्त महाविद्यालये वगळली, तर बी. ए. किंवा बी. कॉम.च्या वर्गाला कागलमध्ये जो अभ्यासक्रम, तोच तासगावात आणि तोच वाईत. आता गंमत पाहा. मागणी-पुरवठ्याच्या एकाच धड्यासाठी कागलचे प्राध्यापक रात्री जागून टिपणे काढतात, तासगावच्या बाई आकृत्या तयार करतात आणि वाईचे गृहस्थ भाषण ध्वनिमुद्रित करतात. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते. पुढच्या वर्षी नवा प्राध्यापक येतो आणि पुन्हा श्रीगणेशा करतो!

आणि विद्यार्थी? त्याची वही आता मोबाईलमध्ये गेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सरांच्या नोट्स' फिरत असतात. कोणत्या सरांच्या, कोणत्या वर्षाच्या, जुन्या अभ्यासक्रमाच्या की नव्या, याचा पत्ता नाही. एका पानाचा फोटो तिरपा, दुसऱ्यावर अंगठ्याची सावली. चूक असेल तर ती दुरुस्त कोण करणार? ती चूकही इमानेइतबारे पुढे पाठवली जाते. म्हणजे देवाणघेवाण होत नाही असे नाही. ती चोरट्या पावलांनी होते, म्हणून तिला ना नाव, ना गाव.

कोल्हापूरचा वारसा

खरे तर विद्या वाटून घेण्याची ही रीत करवीरनगरीला नवी नाही. करवीर नगर वाचन मंदिराचा उगम १८५० सालचा. एकाने विकत घेतलेले पुस्तक शंभरांनी वाचावे, ही ग्रंथालयाची साधी कल्पना या शहरात पावणेदोनशे वर्षे नांदते आहे. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यामागून निरनिराळ्या जातिधर्मांची वसतिगृहे या शहरात उभी राहिली. पुढे १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. बुद्धी आहे पण ऐपत नाही, म्हणून कोणी दारातून परत जाऊ नये, ही त्या सर्व खटाटोपामागची दृष्टी.

आजचे दार लाकडाचे नाही, मोबाईलच्या काचेचे आहे. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या मुलीला कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन राहणे परवडेलच असे नाही. पण चांगला धडा तिच्या हातातल्या यंत्रावर पोचवणे अशक्य राहिलेले नाही.

या बाबतीत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला, की पीएच. डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी. त्यातून 'शोधगंगा' हे भांडार उभे राहिले. शिवाजी विद्यापीठातले प्रबंधही तिथे घरबसल्या वाचता येतात. 'स्वयम्' ही केंद्र सरकारची पाठमाला ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाली. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून पुरे करण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राने अनेक विषयांची स्वयंअध्ययन पुस्तके संकेतस्थळावर ठेवली आहेत, त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी ती एकदा तरी उघडून पाहावीत.

वाचा, पण हात लावू नका

मग अडते कुठे? त्यांतल्या अनेक पुस्तकांच्या सुरुवातीचे पान पाहा. सर्व हक्क राखीव असून लेखी परवानगीवाचून नक्कल करू नये, अशी सूचना तिथे असते. इंग्रजी पुस्तकांत तर 'मिमिओग्राफी'ने, म्हणजे आपल्या जुन्या सायक्लोस्टाइलने, प्रत काढण्यास मनाई केलेली आढळते! पुस्तक जगाला खुले आहे आणि सूचना मात्र शाईच्या रुळाच्या काळातली. यात कोणा एकाचा दोष नाही. छापखान्याच्या जमान्यापासून चालत आलेले ते वाक्य आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की विहीर दाखवली जाते आणि पोहरा मिळत नाही.

पोहरा म्हणजे काय? वाचण्यापलीकडचे चार हक्क. प्रत काढून दुसऱ्याला देण्याचा, हवा तेवढा भाग उचलून आपल्या धड्यात बसवण्याचा, दुसऱ्या भाषेत आणण्याचा आणि शिळे झालेले बदलून ताजे करण्याचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम बदलले. आठ प्रकरणांपैकी सहा जशीच्या तशी कामाची असताना दोनांसाठी सबंध पुस्तक नव्याने लिहायचे काय?

येथे पुष्कळांचा एक समज असतो, की ज्या टिपणावर काहीच लिहिलेले नाही ते सर्वांचे. कायदा नेमका उलट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन झाले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, सूचनाही लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तो टिकतो. शिकवण्याच्या कामापुरती त्या कायद्यात सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी काढलेल्या प्रतींच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पण ही सवलत वर्गापुरती. दुसऱ्याचे पुस्तक सुधारून, मराठीत आणून जगापुढे ठेवायचे, तर मालकाची परवानगी हवीच.

एका ओळीची किल्ली

परवानगीची ही अडचण जगभर होती. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने आपल्या वर्गातले पाठ्यसाहित्य सर्वांना खुले करण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधने' या अर्थाचे नाव मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे तयार परवाने निघाले. लेखकाने आपल्या कामावर एक ओळ लिहायची: माझे नाव द्या आणि खुशाल वापरा. हवे तर अटी घालता येतात. धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका, किंवा बदल केलात तर तोही असाच खुला ठेवा. लेखकाची मालकी जात नाही. दर वेळी पत्र लिहून परवानगी मागण्याची यातायात मात्र वाचते. २०१९ साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने सर्व सदस्य राष्ट्रांना याच वाटेने जाण्याची शिफारस केली.

लांब कशाला, आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहा. गोवा विद्यापीठाने आपल्या कोकणी विश्वकोशाचे चारही खंड २०१३ साली अशाच परवान्याने मोकळे केले. त्यामुळे इंटरनेटवर कोकणी विश्वकोश उभारणाऱ्या स्वयंसेवकांना तो मजकूर नाव देऊन वापरण्याचा रस्ता मिळाला. मुंबईच्या आयआयटीतल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमाचे उदाहरणही बोलके आहे. संगणकाचे छोटे छोटे पाठ एकदा तयार झाले, की त्यांची संहिता मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणली जाते. पडद्यावरचे चित्र तेच, आवाज मात्र आपल्या भाषेतला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी कळत नाही म्हणून विषयच कळत नाही, असा जो दुहेरी फटका बसतो, त्यावर याहून स्वस्त औषध नाही.

प्राध्यापकांचे म्हणणे

पण प्राध्यापकांचीही बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. "आम्ही रात्री जागायचे आणि दुसऱ्याने नाव पुसून मिरवायचे?" हा प्रश्न रास्त आहे. मात्र आज नेमके तेच चालले आहे! नाव पुसले जाते ते गुपचूप फिरणाऱ्या टिपणांतून. नाव देण्याची अट घातलेला परवाना असेल, तर निदान बोट ठेवायला जागा राहते.

दुसरी शंका पोटापाण्याची. पाठ्यपुस्तके लिहून दोन पैसे मिळवणारे लेखक आणि कोल्हापूर, सांगलीकडचे छोटे प्रकाशक यांचे काय? त्यांनी आपली पुस्तके फुकट वाटावीत असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचा. ज्याचा खर्च सरकारने किंवा विद्यापीठाने एकदा केला, ते साहित्य पुन्हा पुन्हा वापरता यावे, एवढीच मागणी. शिवाय चांगले काम फुकट होत नाही. लिहिणाऱ्याला मानधन आणि बढतीच्या वेळी श्रेय मिळायला हवे, नाहीतर औदार्याची भाषा पोकळ ठरेल.

तिसरी अडचण लाजेची. आपल्या टिपणात चूक निघाली तर? निघू द्यावी! ती आजही असतेच, फक्त झाकलेली असते. उघड्यावर आली तर कऱ्हाडचा कोणी सहकारी ती सुधारील आणि पुढच्या वर्षीच्या मुलांचे भले होईल.

याखेरीज एक तांत्रिक गोम आहे आणि ती मराठीला विशेष जाचते. पुष्कळसे मराठी साहित्य जुन्या पद्धतीच्या टंकांत बसवलेले असते. डोळ्यांना ते सुरेख दिसते, पण त्यातला एक परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की अक्षरांची भेळ होते. शोधायला जावे तर शब्द सापडत नाही. अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणारे यंत्रही तिथे अडखळते. युनिकोडमध्ये लिहिले आणि पीडीएफबरोबर मूळ फाईलही ठेवली, तर हा अडथळा दूर होतो. परवानगी आहे पण फाईल उघडत नाही, म्हणजे पोहरा आहे आणि दोर नाही!

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी प्राध्यापक असेल, कोणी कॉलेजच्या नियामक मंडळावर असेल, कोणाची मुलगी पदवीच्या वर्गात असेल. दिवाळीच्या सुट्टीत प्राध्यापकांनी आपले एकच, सर्वांत आवडते टिपण काढावे. त्यावर स्वतःचे नाव, साल, अभ्यासक्रम आणि 'नाव देऊन वापरा, सुधारा आणि पुढे द्या' हे सांगणारा परवाना लिहावा. दुसऱ्याचे चित्र किंवा तक्ता त्यात असेल तर आधी तो वगळावा. मंडळावरच्या गृहस्थांनी पुढच्या बैठकीत विचारावे, की आपल्या कॉलेजच्या पैशातून झालेले पाठ कोणाला वापरता येतात? आणि मुलामुलींनी 'सरांच्या नोट्स' पुढे पाठवण्याआधी सरांचे नाव त्यावर घालावे, सरांना एकदा विचारावे. बहुतेक सर 'हो'च म्हणतील. आजवर त्यांना कोणी विचारलेच नसेल.