ग्रुपवर लिहिलं दुसऱ्याने, जाब कुणाला?

मैत्रिणींनो, भिशीचा असो की मुलांच्या वर्गाचा, व्हॉट्सॲपचा ग्रुप सांभाळायचं काम बहुधा एखाद्या गृहिणीच्याच गळ्यात पडतं. आमच्या राळेगावातही तेच! मग रात्री अकराला कुणीतरी कुणाच्या सुनेबद्दल नाही नाही ते लिहितं, आणि झोप उडते ती ॲडमिनबाईंची. ‘पोलीस मला तर नाही ना बोलावणार?’

ही भीती अगदीच पोकळ नाही हं. गोंदिया जिल्ह्यात २०१६ साली एकाने ग्रुपमधल्या महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं; आपला यवतमाळ जिल्हाही त्याच खंडपीठाखाली येतो. १ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनला माणूस ग्रुपमध्ये घेता येतो, काढता येतो; पण कोण काय लिहिणार ते आधी वाचून अडवता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. दोघांचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट निराळी.

लिहिणाऱ्याला मात्र या निकालाने सूट दिलेली नाही बरं का! आणि २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मजकूरही सगळ्यांसाठी पुसता येतो. तेव्हा ‘माझ्या हातात काय आहे?’ हे म्हणणं आता तितकंसं शोभत नाही, असं मला वाटतं. फक्त पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तारीख-वेळेसह जिची बदनामी झाली तिला द्या. घाईने पुसलं तर तिच्याच हातचा पुरावा जायचा.

‘मी कुठे लिहिलं? नुसतं पुढे पाठवलं,’ असं म्हणणाऱ्याही असतात. पुढे पाठवणाराही त्या मजकुराला जबाबदार, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा आहे.

नुसत्या बदनामीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करावी लागते. मजकूर अश्लील असेल, तर मात्र सरळ पोलीस ठाण्यात जा.